कार्टूनमधील चुलतबहिणी

श्रोतेहो, आकाशवाणी ऐकणाऱ्याला आवाजाची मातब्बरी वेगळी सांगावयास नको. बोलणारा आपणांस दिसत नाही. तो तरुण की वयस्क, रागीट की मवाळ, हे आपण आवाजावरूनच ठरवीत असतो. मुलांच्या कार्टून मालिकांचेही बरेचसे असेच आहे, असे मी म्हटले तर आपणांस नवल वाटेल. कारण तेथे चित्र तर डोळ्यांसमोर नाचत असते. परंतु थोडा विचार करून पाहावा. चित्रातील माणसाला स्वतःचा देह नसतो. तो चार रेघांचा बनलेला. त्या रेघांना बाई म्हणावयाचे की बुवा, बहीण म्हणावयाचे की पत्नी, हे पुष्कळदा तिला दिलेला आवाज आणि तिच्या तोंडी घातलेले शब्द हेच ठरवितात. आपल्या घरोघरीची मुले ज्या हिंदी ‘डोरेमॉन’पुढे जेवणाचे ताट घेऊन बसतात, त्या निळ्या बोक्याला अनेक वर्षे आवाज दिला तो सोनल कौशल या तरुणीने. मूळ जपानीतही नोबिता या मुलाचा आवाज स्त्रीचाच. अमेरिकेतील खट्याळ बार्ट सिम्प्सन बोलतो तो नॅन्सी कार्टराइट या बाईंच्या कंठातून. यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

मात्र ज्या सोयीने आवाज पात्राला घडवितो, त्याच सोयीने तो पात्राला मोडूही शकतो. आज मला याच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, तसेच स्त्री आणि पुरुष या दोन खान्यांत न मावणारी माणसे, या सर्वांना मिळून आजकाल ‘एलजीबीटीक्यू’ अशी आद्याक्षरांची संज्ञा रूढ झाली आहे. ही माणसे मुलांच्या कार्टून मालिकांत कशी आली, आल्यावर त्यांचे काय केले गेले, आणि पुढील चित्रकारांनी त्यावर कोणता तोडगा काढला, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. आणि तितकीच विचार करावयास लावणारीही.

हकीकत सुरू होते ती जपानात. नाओको ताकेउची या चित्रकथालेखिकेची ‘सेलर मून’ ही कथा १९९१ च्या अखेरीस ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात येऊ लागली, आणि १९९२ च्या मार्चपासून तोएई कंपनीने तिची कार्टून मालिका दूरचित्रवाणीवर आणली. १९९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तिचे २०० भाग झाले. उसागी नावाची एक रडुबाई, अभ्यासात कच्ची, खाण्यात पक्की अशी शाळकरी मुलगी. तिला एके दिवशी कळते की आपण चंद्राची योद्धी आहो. पुढे एकेका ग्रहाची एकेक सखी तिला मिळत जाते. १९९४ साली सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात हारुका आणि मिचिरू या दोघी आल्या. एक युरेनसची, दुसरी नेपच्यूनची. हारुका शर्यतीच्या मोटारी हाकणारी, आखूड केसांची, मुलांच्या पोषाखात वावरणारी. उसागी आणि तिची मैत्रीण मिनाको तिला प्रथम पाहतात तेव्हा एखादा राजबिंडा तरुणच समजतात, आणि खरे कळल्यावर दोघींची फजिती होते. मिचिरू व्हायोलिन वाजविणारी, चित्रे काढणारी, शांत आणि किंचित खोडकर. मूळ कथेत या दोघी एकमेकींच्या प्रेयसी आहेत. लेखिकेने यात कसलीही संदिग्धता ठेविलेली नाही. आणि जपानी मुलींनीही, त्यात विशेष ते काय, अशाच भावनेने त्यांना आपले म्हटले.

जपानी प्रेक्षकांना हारुकासारखे पात्र परके वाटले नाही, यामागे एक जुनी परंपरा आहे आणि ती मराठी माणसास चटकन उमगण्याजोगी आहे. ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावी इचिझो कोबायाशी या रेल्वेच्या कारखानदाराने १९१३ साली केवळ मुलींची एक गायनमंडळी स्थापिली. पुढे तिची मोठी नाटकमंडळी झाली आणि ती आजही चालू आहे. तेथे नायकाच्या भूमिका मुलीच करतात आणि त्या नायकांवर जपानी स्त्रिया जीव ओवाळून टाकतात. योगायोग असा, की त्याच १९१३ साली आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिकडे स्त्रीने पुरुष व्हावयाचे, इकडे पुरुषाने स्त्री. बालगंधर्वांचे शालू नेसणे, त्यांची केशरचना, त्यांचे पदर सावरणे पाहून घरंदाज बायका तसे करू लागल्या, हे बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या जुन्या मंडळींनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलेच असेल. ओसामू तेझुका हा जपानी चित्रकथेचा आद्य महारथी लहानपणी ताकाराझुकातच वाढला, आणि १९५३ साली त्याने जी ‘रिबनची राजपुत्रवेषधारी योद्धी’ अशा आशयाची कथा लिहिली, तिच्यातील राजकन्या सफायर राज्य वाचविण्याकरिता राजपुत्र म्हणून वावरते. हारुका या वंशावळीतील आहे.

तथापि येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. रंगभूमीवर वेष पालटणे ही कला झाली. प्रयोग संपला की नट आपल्या घरी जातो. हारुका घरी गेल्यावरही हारुकाच राहते, आणि घरी तिची वाट पाहणारी मिचिरू असते. बालगंधर्वांचे उदाहरण देऊन मी हा भेद पुसू इच्छीत नाही. आपण वेषाला टाळ्या देतो आणि प्रेमाचे नाव निघताच खाकरतो, एवढेच त्यावरून दिसते.

असो. मालिका अमेरिकेत गेली. तेथील पहिले इंग्रजी भाग १९९५ साली आले आणि हारुका-मिचिरूंचे भाग २००० साली. इंग्रजीत त्यांची नावे अमारा आणि मिशेल अशी झाली. नावे बदलणे हा तर भाषांतराचा नेहमीचाच व्यवहार. परंतु या दोघींचे नातेही बदलण्यात आले. त्या एकमेकींच्या ‘कझिन’ आहेत, असे संवादांत घालण्यात आले.

ही गोष्ट मी माझ्या भाचीच्या मुलीला सांगत होतो. तिने लगेच विचारले, “कझिन म्हणजे चुलत की मावस?” प्रश्न मोठा मार्मिक होता. इंग्रजीत एका शब्दावर भागते. मराठीत भाषांतरकाराला चुलत, मावस, आते, मामे यांपैकी एक पसंत करावीच लागली असती, आणि लगेच ‘यांचे आजोबा कोण?’ हा प्रश्न उभा राहिला असता. खोटे बोलावयास मराठी भाषा इतकी सोयीची नाही! शिवाय आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडे मामाची मुलगी करून घेण्याची चाल आहेच. तेव्हा ‘मामेबहीण’ म्हटल्याने प्रेमाची वाट बंद होते असेही नाही. मी तूर्त ‘चुलतबहिणी’ हा शब्द वापरतो, कारण त्यातल्या त्यात तोच निरुपद्रवी.

आता गंमत अशी झाली, की शब्द बदलले तरी चित्रे तीच राहिली. मिचिरू हारुकाकडे ज्या नजरेने पाहते ती नजर काही पुसता आली नाही. हातात हात गुंफलेले तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी संवादांतील लाडिक थट्टादेखील भाषांतरकारांच्या हातून राहून गेली. त्यामुळे अमेरिकन मुलांपुढे जे दृश्य उभे राहिले ते असे: दोन सख्ख्या चुलतबहिणी एकमेकींशी प्रियाराधन करीत आहेत! जे झाकावयाचे होते ते झाकले गेले नाहीच, उलट नसलेला एक चमत्कारिक प्रकार निर्माण झाला. तेथील चाहत्यांत ही गोष्ट इतकी थट्टेचा विषय झाली, की आज पंचवीस वर्षांनंतरही ‘चुलतबहिणी’ हा शब्द उच्चारला की त्या पिढीतील माणसे हसतात.

याहून हळवा प्रकार त्याआधी १९९५ च्या भागांत झाला होता. मालिकेच्या पहिल्या पर्वात दुष्ट राणीचे चार सरदार आहेत. त्यांपैकी झोइसाइट आणि कुंझाइट हे दोघे पुरुष परस्परांवर प्रेम करतात. झोइसाइट नाजूक, लांब केसांचा, मत्सरी; जपानीत त्याला केइइची नांबा या नटाने आवाज दिला आहे. अमेरिकेत त्याला स्त्रीचा आवाज देण्यात आला आणि तो ‘ती’ झाला. एक रेघही न बदलता एका पुरुषाची स्त्री झाली! राणीच्या हातून प्राणघातक घाव बसल्यावर झोइसाइट कुंझाइटच्या बाहुपाशात प्राण सोडतो; त्याचे मरण सुंदर व्हावे म्हणून कुंझाइट त्याच्या डोळ्यांपुढे फुलांचा आभास उभा करतो. दोघेही खलपुरुष, दोघांनी निरपराध माणसांचा छळ केलेला. पण मरणाच्या त्या घटकेला त्यांच्या प्रेमात कपट नाही, हे मूळ पाहणाऱ्या लहान मुलालाही समजते. अमेरिकन मुलांनी ते दृश्य पाहिले. त्यांना ते एका स्त्रीचे आणि पुरुषाचे वाटले. दुःख तेवढेच झाले असेल, यात शंका नाही. मात्र ज्या एखाद्या मुलाला त्या दृश्यात आपले काही सापडले असते, त्याच्या हातून ते काढून घेण्यात आले, आणि आपल्या हातून काही गेले हेही त्याला कळू दिले नाही.

इटलीत तर कल्पकतेची परिसीमा झाली. पाचव्या पर्वात तीन गायक तरुण आहेत, जे लढण्याच्या वेळी रूप पालटून स्त्री-योद्ध्या होतात. इटालियन संवादलेखकांनी तोड काढली ती अशी, की हे तरुण आपापल्या जुळ्या बहिणींना हाक मारून बोलावून घेतात! म्हणजे तीन माणसांची सहा झाली. चित्रात मात्र तोच तरुण डोळ्यांदेखत बदलताना दिसे. मुलांच्या पाहण्याला मोठी माणसे किती कमी लेखतात, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

या मंडळींना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते बरोबर वाटत नाही. दुपारच्या वेळी, शाळा सुटल्यावर लागणारा कार्यक्रम. त्यावर खेळण्यांच्या जाहिराती. एका पालकाने तक्रारीचे पत्र लिहिले तर जाहिरातदार काढता पाय घेणार ही धास्ती. भाषांतरकाराला भागामागे मोजके दिवस आणि मोजका पैसा मिळतो. अशा वेळी ‘कझिन’ हा शब्द कागदावर चटकन उतरला असेल, आणि कोणाचीही झोप उडाली नसेल. पण श्रोतेहो, नकार देणे वेगळे आणि फसविणे वेगळे. ‘हा भाग आम्ही दाखविणार नाही’ असे म्हणणारा निदान आपले मत उघड मांडतो. त्याच्याशी वाद घालता येतो. ‘या चुलतबहिणी आहेत’ असे म्हणणारा वादाला जागाच ठेवीत नाही.

आणि ते लपले तरी कोठे? जपानी चित्रफिती इंग्रजी अक्षरांसह चाहत्यांच्या हातोहात फिरत होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटही घरांत शिरू लागले होते. मुलांनी दोन्ही रूपे ताडून पाहिली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या: अशी माणसे गोष्टींत असतात ही एक, आणि मोठी माणसे ती आपल्यापासून दडवितात ही दुसरी. ज्या मुलाला स्वतःविषयी आधीच काही शंका असेल, त्याने या दुसऱ्या गोष्टीवरून काय अनुमान काढले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

अमेरिकेच्या स्वतःच्या कार्टूनांत या काळी काय होते? प्रौढांकरिता असलेल्या ‘द सिम्प्सन्स’ने १९९७ साली या विषयावर एक उत्तम भाग केला आणि त्याला एमी पारितोषिकही मिळाले. मुलांच्या दालनात मात्र शुकशुकाट होता.

तो मोडला तो याच मालिका पाहत वाढलेल्या पिढीने. रेबेका शुगर यांचा जन्म १९८७ चा. ‘ॲडव्हेंचर टाइम’ या मालिकेत त्या प्रथम चित्रकथनाचे काम करीत. २०११ साली एका भागासाठी त्यांनी मार्सेलिन ही रक्तपिशाच तरुणी आणि राजकन्या बबलगम यांच्यातील दुराव्याचे एक गाणे रचले. गाण्यात कोठेही ‘प्रेम’ असे स्पष्ट म्हटलेले नव्हते, पण ऐकणाऱ्यांना समजावयाचे ते समजले, आणि वादही झाला. पुढे २०१४ च्या डिसेंबरात ‘द लेजंड ऑफ कोरा’ या दुसऱ्या एका मालिकेच्या अखेरच्या दृश्यात कोरा आणि असामी या दोघी हातात हात घेऊन एकमेकींकडे पाहत प्रकाशात शिरतात आणि पडदा पडतो. त्या प्रेमिका आहेत, हे निर्मात्यांना मागाहून लेखी सांगावे लागले. वाहिनीने पाठिंबा दिला, परंतु त्यालाही मर्यादा होती, असेही त्यांनी नमूद केले. जे दाखवावयाचे ते अजून अर्धे चित्रात आणि अर्धे प्रेक्षकाच्या मनात, अशी ही अवस्था होती.

२०१३ साली शुगर यांनी स्वतःची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही मालिका सुरू केली. कार्टून नेटवर्कवर एकट्या पुरुषेतर व्यक्तीने निर्मिलेली ही पहिली मालिका. तिच्यात परग्रहावरून आलेली रत्ने मानवी रूपाने पृथ्वीवर राहतात. दोन रत्ने एकरूप होऊन तिसरेच रूप धारण करू शकतात. त्यांच्यातील गार्नेट ही उंच, गंभीर, कमी बोलणारी, सर्वांचा आधार. मुले तिला दीड वर्ष एक व्यक्ती म्हणून ओळखत होती. मग २०१५ च्या मार्चमधील एका भागात उलगडा झाला, की गार्नेट ही मुळी एक नव्हेच. रुबी ही बुटकी, तांबडी, भडक डोक्याची. सफायर ही निळी, शांत, भविष्य पाहणारी. या दोघींच्या प्रेमाचे जे रूप तेच गार्नेट. आपल्याकडील अर्धनारीनटेश्वराची आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे. फरक इतकाच, की येथे दोन्ही अर्धांगे स्त्रीरूपाची आहेत.

माझ्या मते या कल्पनेत मोठेच व्यावहारिक शहाणपणही होते, आणि मागच्या पिढीच्या अनुभवाचे ते उत्तर होते. हारुका आणि मिचिरू यांचे नाते संवादांत राहत होते, म्हणून ते संवाद बदलून काढून टाकता आले. गार्नेटचे काय करणार? त्या दोघींचे प्रेम काढले तर गार्नेटच उरत नाही, आणि गार्नेट काढली तर मालिका उरत नाही. ६ जुलै २०१८ रोजी दाखविलेल्या भागात तर रुबी आणि सफायर यांचे लग्नच लागले. लग्न लावणारा छोटा स्टीव्हन. तांबडी रुबी वधूच्या पांढऱ्या पायघोळ पोषाखात, निळी सफायर कोट-पाटलोणीत. त्यांनी परस्परांचे चुंबन घेतले ते पडद्याआड नव्हे, सर्वांसमक्ष. या दोघींना चुलतबहिणी म्हणून दाखवा, असे आता कोणत्या भाषांतरकाराला सांगावयाचे?

यामुळे विरोध थांबला असे नाही. त्याला चोरवाट सोडून हमरस्त्यावर यावे लागले. २०१६ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये याच मालिकेतील दोन स्त्रीरूप पात्रांच्या नृत्याचे काही क्षण वगळले गेले; त्याच भागातील स्त्री-पुरुषांची जवळीक मात्र राहू दिली. हे चाहत्यांनी त्याच आठवड्यात उघडकीस आणले. २०१७ साली केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने ही मालिका, ‘ॲडव्हेंचर टाइम’, ‘कोरा’ आणि आणखी तीन मालिका दाखविण्यास बंदी केली. मला ती बंदी मान्य नाही. पण ती निदान बंदी होती.

आता एक आक्षेप, जो श्रोत्यांपैकी कित्येकांच्या मनात एव्हाना आला असेल. ‘हे सर्व मोठ्यांचे विषय, कोवळ्या मुलांपुढे ते कशाला?’ आक्षेप घेणाऱ्याला मुलांची काळजी आहे, म्हणून त्याला थट्टेने उडवून लावणे योग्य नव्हे. मात्र त्यांनी आपल्याच घरातील पडदा पाहावा. ‘डोरेमॉन’ची सारी कथा कशावर उभी आहे? नोबिताचे पुढे लग्न कोणाशी होणार, यावर! मूळ भविष्यात त्याची गाठ जियानच्या बहिणीशी पडावयाची असते. ते टळून शिझुका त्याची बायको व्हावी, याकरिता भविष्यातील वंशजाने तो बोका धाडलेला. चौथी-पाचवीतील मुलाच्या लग्नाची ही चिंता आपण वर्षानुवर्षे जेवता जेवता पाहत आलो. पॉपाय आणि ब्लूटो हे ऑलिव्हसाठी एकमेकांची डोकी फोडताना आपण स्वतःच लहानपणी पाहिले. यात कोणा आईबापांना ‘मोठ्यांचा विषय’ दिसला नाही. प्रेम, लग्न, मत्सर हे मुलांच्या गोष्टींत पहिल्यापासून आहेच. तेव्हा आक्षेप प्रेमाला नसून विशिष्ट माणसांना आहे, हे एकदा स्वच्छ कबूल केले म्हणजे पुढील बोलणे प्रामाणिकपणे होऊ शकते.

मुलांना या गोष्टी कशा दिसतात, याचे मला फार आवडलेले एक उदाहरण ‘आर्थर’ या मालिकेतील आहे. ही अगदी लहान मुलांची, अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवरील सालस मालिका; पात्रे सर्व प्राण्यांच्या रूपातील. १३ मे २०१९ रोजीच्या भागात तिसरीच्या वर्गाचे कडक शिक्षक श्री. रॅटबर्न यांचे लग्न ठरते. मुले एका करड्या स्वभावाच्या बाईला त्यांच्याबरोबर पाहतात आणि हीच आपली गुरुपत्नी होणार म्हणून घाबरून ते लग्न मोडण्याच्या खटपटीला लागतात. लग्नाच्या दिवशी कळते, की ती तर त्यांची बहीण. मग वर चालत येतो तो पॅट्रिक नावाचा चॉकलेट करणारा एक सद्गृहस्थ. मुले हरखतात. त्यांना धक्का बसतो तो भलत्याच गोष्टीचा: लग्नाच्या मेजवानीत आपले सर नाचतात! शिक्षकाने नाचावे म्हणजे काय!

या ठिकाणी बहीण खरोखरच बहीण होती आणि जोडीदार खरोखरच जोडीदार, हे पाहून मला त्या जुन्या चुलतबहिणींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अलाबामा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने हा भाग दाखविण्याचे नाकारले आणि त्याऐवजी एक जुना भाग लावला. तेव्हा त्याच राज्यातील बर्मिंगहॅम येथे, एका चर्चच्या पुढाकाराने, त्या भागाचा विनामूल्य खेळ करण्यात आला, आणि आलेल्यांना लग्नाचा केकही वाटला.

आपल्या देशाच्या इतिहासातील एक तारीख या हकीकतीला सहज येऊन भिडते. ‘ॲडव्हेंचर टाइम’चा शेवटचा भाग अमेरिकेत ३ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. २०११ च्या त्या गाण्यापासून सात वर्षे जे नुसते सूचित होते ते त्यात दिसले. मार्सेलिन आणि राजकन्या यांनी एकमेकींचे चुंबन घेतले. यानंतर तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६० सालच्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाचा अर्थ बदलून, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण हिंदुस्थानातील एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीने ते कार्टून पाहिले असेल, तर त्या दिवशी सोमवारी ती एका गुन्ह्याचे चित्र पाहत होती आणि गुरुवारी तो गुन्हा राहिला नव्हता. विवाहाचा हक्क मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य केला नाही. तो विषय संसदेचा, असे सांगितले. रुबी आणि सफायर यांना आपल्याकडे लग्नाचा दाखला मिळणार नाही.

आणि अमेरिकेतही वारे एकाच दिशेने वाहत राहिले असे समजू नये. पिक्सार या विख्यात संस्थेची ‘विन ऑर लूज’ ही शाळकरी मुलांच्या खेळसंघावरील मालिका फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. तिच्यातील एक मुलगी जन्माने मुलगा म्हणून गणली गेलेली, अशी मूळ योजना होती. तिला आवाज देणारी तरुण अभिनेत्रीही त्याच वाटेने आलेली. डिसेंबर २०२४ मध्ये डिस्ने कंपनीने जाहीर केले, की त्यासंबंधीचे संवाद काढण्यात आले आहेत. मुलांशी काही विषय केव्हा बोलावयाचे हे पालकांना ठरवू द्यावे, अशी भूमिका घेतली. पात्र तेच राहिले, चित्र तेच राहिले, आवाजही त्याच मुलीचा राहिला. वगळली ती चार वाक्ये. त्या अभिनेत्रीने आपली निराशा वृत्तपत्रांजवळ बोलून दाखविली. तीस वर्षांपूर्वी झोइसाइटचे जे झाले त्याची ही सुधारलेली आवृत्ती; सुधारणा एवढीच, की या वेळी कंपनीने ते सांगून केले.

हारुका आणि मिचिरू यांचे पुढे काय झाले, ते सांगून मी आपली रजा घेतो. २०१४ साली व्हिझ या अमेरिकन कंपनीने ‘सेलर मून’चे हक्क घेतले आणि दोनशेच्या दोनशे भागांचे नवे इंग्रजी संवाद मुळाबरहुकूम ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले. झोइसाइट पुन्हा पुरुष झाला. हारुका आणि मिचिरू यांना त्यांची जपानी नावे आणि त्यांचे नाते परत मिळाले. हे नवे संवाद ऐकावयास बसलेल्यांत असे पुष्कळ जण होते, ज्यांनी लहानपणी ते जुने भाग शाळेतून आल्यावर पाहिले होते. आता त्यांच्यापैकी कोणाच्या शेजारी मूलही बसलेले असे. पडद्यावर मोटार थांबते, आखूड केसांची हारुका दार उघडते, मिचिरू उतरते आणि तिच्याकडे पाहून हसते. ते चित्र १९९४ साली काढलेले आहे आणि त्यातील एकही रेघ बदललेली नाही.